सर्वात लहान दिवस: मुलांना काय करायला द्यावं?

गोदाकाठ: 21-22 डिसेंबरसाठी तिसरी-चौथीची 20 मुलं, हाताशी दोन तास. गाव नांदेडजवळ. चित्र आणि कविता एकत्र कशी गुंफावी?

ओळंबा: ताई, आधी सावली, मग कागद. 1 मीटरची सरळ काठी सपाट फरशीवर ओळंब्याने उभी करा. जरा कलली की माप गेलं. नांदेडला सूर्य सर्वात उंच 12 ला नव्हे, 12:20 च्या सुमारास येतो. म्हणून 12 ते 12:40 दर 5 मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सर्वात आखूड सावली साधारण 92 सेंमी भरेल. दुपारची सावली वर्षभरात याच सुमारास सर्वात लांब असते, हे मुलांना आवर्जून सांगा. खुणांची रेघ हेच चित्राचं क्षितिज.

गेरूवाले: रंगाला 2 चमचे गेरू, 1 चमचा डिंकाचं घट्ट पाणी. डिंक कमी पडला की वाळल्यावर रंग हाताला लागतो. पिवळ्यासाठी हळद चालते, पण उन्हात उडते; चित्र सावलीत टांगा.

ओवीकर: कवितेला ओवी घ्या: तीन चरणांना यमक, चौथा आखूड, मोकळा.

दिस झाला इवलासा,
सावलीचा लांब ठसा,
भिंतीवरी कवडसा,
धरू चला.

पहिला चरण तुम्ही द्या, बाकीचे चौघाचौघांच्या गटाने जुळवावेत. ‘आज सूर्य सर्वात उशिरा उगवला’ असं कुणी लिहिलं तर थांबवा, आपल्याकडे तो दिवस जानेवारीत येतो.

गोदाकाठ: म्हणजे संक्रांतीला उत्तरायण...?

ओळंबा: सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो तो डिसेंबरातच. संक्रांतीला पुन्हा काठी उभी करा, सावली आखूड झालेली दिसेल.