एसजीओटी १८६! पुण्यात लिव्हरचा चांगला डॉक्टर सुचवा

भटका_कोथरूडकर
मंडळी, मंगळवारी कंपनीतर्फे फुकटचं चेकअप झालं. लिव्हर फंक्शन टेस्टमधली दोन एन्झाइम्स वाढलेली: एसजीओटी १८६, एसजीपीटी ७१. दोन्हींची मर्यादा ४०. आकडे ठळक, शेजारी वर जाणारे बाण. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी नॉर्मल. वय ३४, दारू नाही, काविळीचं काही लक्षण नाही. आई भुईआवळ्याचा रस घेऊन मागे लागलीय, आणि सासऱ्यांनी बायकोला हळूच विचारून झालंय, "जावईबापू घेतात का?" सोनोग्राफी आधीच करून जाऊ का?

लॅबवाली
सोनोग्राफी राहू दे. शनिवार-रविवारी काय केलंत?

भटका_कोथरूडकर
राजगड-तोरणा, एका दिवसात. वर्षभराने ट्रेक केला. अजून जिना उतरताना "आई गं" होतं. पण त्याचा इथे काय संबंध?

लॅबवाली
सगळा संबंध तिथेच असावा. एसजीओटी काही एकट्या लिव्हरची जहागीर नाही. स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही ते असतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं, पण स्नायूंतही थोडं असतंच. सवय नसताना लांब उतार उतरलं की मांड्यांच्या पेशींना इजा होते आणि आतली एन्झाइम्स रक्तात येतात. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नावच मुळात फसवं. तुमचं जीजीटी नॉर्मल आहे, आणि ते स्नायूंतून वाढत नाही. म्हणून माझा संशय मांड्यांवर.

सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) करून घ्या. आधी लॅबला फोन करा, उरलेलं सीरम फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर पुन्हा टोचायला नको. आकडा हजारांत आला तरी एवढ्या ट्रेकनंतर नवल नाही. मात्र लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किडनीला धोका असतो.

पुणेरी_काढा
नेटवर निदान करू नका हो. डॉक्टर कशाला असतात मग?

लॅबवाली
काढाभाऊ, बरोबर. दाखवायचंच आहे. पण आधी नेहमीचे फिजिशियन पुरेत. त्यांना ट्रेकची तारीख, चालू गोळ्या (कोलेस्टेरॉलची असेल तर ती आवर्जून), प्रोटीन पावडर, सगळं सांगा. दहा दिवस जिम-ट्रेक बंद, मग पुन्हा रक्त. एसजीओटी आधी उतरेल, एसजीपीटी रेंगाळेल. पहिलं रक्तात अर्ध्यावर यायला १७-१८ तास लागतात, दुसऱ्याला जवळजवळ दोन दिवस. विश्रांतीनंतरही एसजीपीटी चढंच राहिलं तर हिपॅटायटिस बी-सी आणि सोनोग्राफी. आणि तोवर भुईआवळा नको, नाहीतर आकडा कशाने उतरला ते कधीच कळायचं नाही.

भटका_कोथरूडकर
अपडेट: त्याच सीरमवर सीपीके ३,९४०! फिजिशियन म्हणाले भरपूर पाणी प्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्या. सासऱ्यांना रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.