सी-६०३ ची नवी गाडी आणि हँडलिंगचे अडीच हजार

(सोसायटीचा ग्रुप, गुरुवार रात्र)

प्रणव (सी-६०३): नमस्कार मंडळी. पहिलीच बाईक घेतोय, १६० सीसी. पाडव्याला दारात हवी आहे. शोरूमचं कोटेशन टाकतोय, जाणकारांनी एकदा नजर टाका. उद्या बुकिंगचे ५,००० भरायचेत.

एक्स-शोरूम १,२०,५००
आरटीओ १६,२००
इन्शुरन्स १४,६००
हँडलिंग / लॉजिस्टिक २,५००
एचएसआरपी नंबर प्लेट ६५०
ॲक्सेसरीज किट ५,४००
हेल्मेट १,२००
एक्स्टेंडेड वॉरंटी २,९५०
ऑन-रोड १,६४,०००

मोहिते (ए-३०४): अभिनंदन! पेढे कधी?

सुजाता काकू (बी-२०४): अरे वा. पण हेल्मेटचे बाराशे कसले? आमच्या वेळी गाडीबरोबर मिळालं होतं. हलकंसं होतं, पण मिळालं होतं.

बापट काका (ए-१०२): प्रणव, उद्या पैसे भरू नकोस. जेवण उरकून सविस्तर लिहितो.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या सकाळी ९ ते १२ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

नितीन (डी-५०१): काका येईपर्यंत मी बोलतो. नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सला होतो (कुठल्या ते विचारू नका). नुसत्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही. जागेचं भाडं, पगार, गोडाऊनमध्ये उभ्या गाड्यांवरचं व्याज, सगळं त्यातच. खरी कमाई इन्शुरन्स, फायनान्स आणि किटमध्ये. आम्हाला गाड्यांचं टार्गेट वेगळं आणि किटचं वेगळं असायचं. गिऱ्हाईक ऑन-रोडचा एकच आकडा धरून घासाघीस करायचं. आम्ही हजार-दीड हजार कमी केले की खूश. ते कुठल्या ओळीतून कमी केले, हे दोन वर्षांत मला मोजून चार जणांनी विचारलं असेल.

प्रणव: म्हणजे ऑन-रोडवर बोलायचंच नाही?

नितीन: शेवटी बोल. आधी एकेक ओळ.

मोहिते: पाच-सहा हजारांसाठी एवढी कटकट? दीड लाखाची गाडी घेतोय पोरगा. सणाला गाडी दारात येणं महत्त्वाचं.

बापट काका: मोहिते, हेच शोरूमवाल्यालाही माहीत आहे. पाडवा आणि दसरा हे त्याचे हुकमाचे पत्ते. मुहूर्त हवा असलेला माणूस भाव करत नाही.

प्रणव, आता एकेक घेऊ.

आरटीओ : महाराष्ट्रात १०० ते २९९ सीसीच्या दुचाकीला एकरकमी टॅक्स ११ टक्के. तुझा होतो १३,२५५. नोंदणी फी ३००, स्मार्ट कार्डचे २००. कर्ज काढत असशील तर बोजा चढवायचे ५०० आणखी. टपाल-बिपाल किरकोळ धर. चौदा हजारांच्या आसपास थांबायला हवं, त्याने १६,२०० लावलेत. वरचे दोन हजार कशाचे ते त्यालाच विचार. आणि हो, सरकारी भरणा ऑनलाइन होतो आणि त्याची पावती निघते. ती पावती माग. माझ्या भाच्याकडून १५,५०० घेतले आणि हातात पावती आली १३ हजार काहीशेची. फरकाचं उत्तर मिळालं, "सर, वर धावपळ असते." नव्या गाडीचे कागद शोरूममधूनच संगणकावर चढतात. संगम पुलाजवळच्या आरटीओ ऑफिसपर्यंत कोण धावतं?

हँडलिंग : एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या दारात उभ्या गाडीची किंमत. कारखाना चाकणला असो नाहीतर हरियाणात, दारापर्यंत आणायचं भाडं त्यातच आलं. पुसून-धुऊन, बॅटरी जोडून देणं हेही त्यांचंच काम. ही ओळ सरळ काढायला लाव.

नंबर प्लेट : १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर एचएसआरपी देणं उत्पादकावर आहे, खर्च गाडीच्या किमतीत. आपण जुन्या गाड्यांना मध्यंतरी पैसे भरून बसवल्या, ते प्रकरण निराळं. ते डोक्यात असल्यामुळे लोक हे ६५० मुकाट्याने देतात.

सुजाता काकू: आणि हेल्मेट?

बापट काका: केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये लिहिलंय की दुचाकी विकताना उत्पादकाने बीआयएस प्रमाणित हेल्मेट द्यायचं. पुण्यात हेल्मेट घालायचं म्हटलं की मोर्चे निघतात, म्हणून कदाचित कुणी हक्काने मागत नसेल.

नितीन: किटमध्ये काय काय आहे, प्रणव?

प्रणव: क्रॅश गार्ड, साडी गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, टाकीचं स्टिकर, की-चेन.

नितीन: की-चेन

बापट काका: साडी गार्डचे वेगळे पैसे?? नियम १२३ वाच. मागे माणूस बसणार असेल तर हाताला धरायला पकड, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षक, या तिन्ही गोष्टी गाडीला असायलाच हव्यात. मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. म्हणजे साडी गार्ड ही ॲक्सेसरी नाहीच, गाडीचा भाग आहे. उद्या ब्रेकचे वेगळे लावतील.

सुजाता काकू: माझी ओढणी गेली होती चाकात, लक्ष्मी रोडला. त्या गाडीला गार्डच नव्हतं. नशीब, सिग्नलला थांबता थांबता गाडी हळू झाली होती. प्रणव, गार्ड बसवल्याशिवाय आईला मागे बसवू नकोस.

प्रणव: नक्की काकू. पण सेल्सवाला म्हणतो, किट कंपल्सरी आहे, किटशिवाय बिलच निघत नाही.

नितीन: हे वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्याला एवढंच म्हण, "कंपल्सरी आहे हे लेटरहेडवर लिहून द्या." लिहून कुणीही देत नाही.

बापट काका: बरोबर. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथेत मोडतं. बिल न देणं ही अनुचित प्रथा. फार ताणलं तर १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लाव. सदाशिव पेठेतल्या ग्राहक पंचायतीच्या लोकांकडेही जाता येईल, ही चळवळ १९७४ साली पुण्यातच सुरू झाली. पण तिथवर जायची वेळ येणार नाही. नीट विचारलं की निम्मं तिथेच सुटतं.

मोहिते: काका, जीएसटी कमी झाला ना? मग गाडी स्वस्त व्हायला हवी.

बापट काका: झाली की. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंत २८ चा १८ टक्के झाला, एक्स-शोरूम उतरली. भाच्याने त्यानंतरच घेतली. वरची किंमत खाली आली आणि किटचा आकडा वर गेला होता.

प्रणव: इन्शुरन्सचं सांगा ना कुणीतरी. १४,६०० जास्त वाटतात.

नितीन: त्यात एक भाग कुणाच्या हातात नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) सक्तीचा. त्याचे दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीकडे गेलास तरी तेच. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीला पाच वर्षांचे ७,३६५, वर जीएसटी. गंमत म्हणजे १५० च्या आतल्या गाडीला ३,८५१. दहा-पंधरा सीसीच्या फरकाने जवळपास दुप्पट. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, कारण मोठी गाडी विकायची असते.

प्रणव: मलाही नाही सांगितलं

नितीन: उरलेला भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, तुझा अपघात विमा आणि वरची कव्हरं. खेळ सगळा तिथे. पॉलिसी कुठूनही घेता येते, शोरूमचीच हवी असा नियम नाही. फक्त आयडीव्ही बघ, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, तुझी १,१४,४७५. ती कमी दाखवून स्वस्त पॉलिसी कुणी दिली तर फसू नकोस.

प्रणव: आणि लोनवर घेतली तर दोन हजार डिस्काउंट देतो म्हणाला. बाबा रोख द्यायला तयार आहेत.

बापट काका: बँकेत तीस वर्षं काढली. दोन हजार देऊन तो दोनपेक्षा जास्त घेणार. प्रोसेसिंग फी आणि व्याज मिळून किती जातात ते विचार, मग डिस्काउंटचं बघू.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठीच वापरावा.

सुजाता काकू: हे सोसायटीतल्याच मुलाचं काम आहे.

(मंगळवार)

प्रणव: मंडळी, काल दुपारी दोन तास शोरूममध्ये होतो. निकाल सांगतो.

हँडलिंग गेलं. मी काही बोलायच्या आत मॅनेजर म्हणाला, "ते आम्ही स्पेशल केस म्हणून काढतो." नंबर प्लेटचे गेले. साडी गार्ड फुकट बसतंय. क्रॅश गार्ड मला हवाच होता, १,१०० मध्ये तेवढाच घेतला. हेल्मेटवर बराच वेळ गेला, शेवटी आतून एक आणून दिलं. वॉरंटी मात्र ठेवली, रोज हिंजवडीला जातो.

इन्शुरन्सला "सिस्टीम बाहेरची पॉलिसी घेत नाही" म्हणाले. मी तिथेच बसून त्यांच्या ईमेलवर लेखी कारण मागितलं. वीस मिनिटांनी सिस्टीम घ्यायला लागली. बाहेर ११,३५० ला बसला, आयडीव्ही पूर्ण.

सगळं मिळून १,५०,८००. म्हणजे १३,२०० वाचले.

मोहिते: बाप रे. पेढे दोन किलो.

बापट काका: शाब्बास. आरटीओचे किती लावले शेवटी?

प्रणव: १४,९००.

बापट काका: पावती?

प्रणव: गाडी पास झाल्यावर देतो म्हणाले. त्यात ९०० फाइल चार्ज आहे काका. तो काही केल्या निघाला नाही. मीही कंटाळलो होतो.

बापट काका: फाइल चार्ज म्हणजे हँडलिंगचंच दुसरं नाव. असो. निदान त्याची वेगळी पावती घे.

नितीन: ९०० मध्ये सुटलास. मी असतो तर १,५०० लावले असते.

सुजाता काकू: पाडव्याला सकाळी मिळतेय ना? ओवाळायला येते.

प्रणव: तिथे त्यांनी उट्टं काढलं. पाडव्याच्या यादीतून माझं नाव खाली गेलं, डिलिव्हरी दोन दिवसांनी. आई नाराज आहे, पण बाबा म्हणाले, चालेल.

सुजाता काकू: मग दोन दिवसांनी ओवाळू. नारळ तोच.

प्रणव: सेक्रेटरी काका, पार्किंगचं स्टिकर लागेल.

सेक्रेटरी: स्टिकर रु. २००. फॉर्म चार्ज रु. ५०. ऑफिसमध्ये रोख भरावे.

बापट काका: फॉर्म चार्ज कुठल्या ठरावात मंजूर झालाय?

सेक्रेटरी: एजीएमला बोलू.