सिडनीची ३१ डिसेंबरची आतषबाजी: हार्बरला जाऊन की घरून?

वेस्टमेडवाली: आईबाबा पुण्याहून आलेत, बाबांचे गुडघे दुखतात, लेक ५ वर्षांची. हार्बरला तासन्‌तास बसायचं का घरीच एबीसी चॅनलवर लाइव्ह बघायचं? परत कधी येणं होईल सांगता येत नाही म्हणून न्यावंसं फार वाटतंय.

जुना_सिडनीकर: न्याच हो! हार्बरकाठच्या मिसेस मॅक्वारीज पॉइंटवरून ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज एका नजरेत दिसतात, पण जागा फार लवकर भरते, ऊन, टॉयलेटची रांग सगळं धरून चाला. ब्रिजवर आधी उजेड दिसतो आणि चारेक सेकंदांनी आवाज येऊन छातीत धडधडतं, ते टीव्हीवर नाहीच येत.

नॉर्थशोरची_मावशी: अगं बाबांचे हाल नको करूस. ९ वाजताचा शो लहान मुलांसाठीच असतो, तो बघून निघा, १२ चा घरी सोफ्यावर बसून बघा, कॅमेऱ्यात सगळ्या बाजू दिसतात. ट्रेननेच जा, तिकडचे रस्ते बंद करतात.

वेस्टमेडवाली: हे पटलं, ९ चाच बघतो. डबा चालतो ना?

जुना_सिडनीकर: डबा न्या बिनधास्त, काचेच्या बाटल्या आणि दारू तेवढी नको, गेटवर बॅगा तपासतात.