नावाजलेलं विद्यापीठ की पूर्ण शिष्यवृत्ती? तुमचं काय झालं ते लिहा

भाचीच्या हातात अमेरिकेतली दोन प्रवेशपत्रं आहेत. एक सगळ्यांना ठाऊक असलेल्या विद्यापीठाचं, आर्थिक मदत जुजबी. दुसरीकडे शुल्क, राहणं, जेवण सगळं माफ, पण नाव कुणी ऐकलेलं नाही. घरात दोन तट पडलेत. सल्ले पुष्कळ मिळाले, आता अनुभव हवेत.

*

मी शिष्यवृत्ती घेतली आणि पहिलं सत्र रडत काढलं. कुठे शिकते सांगितलं की समोरचा विचारायचा, "हे कुठे आलं?" पण वर्ग लहान होते. दुसऱ्याच वर्षी प्रयोगशाळेत शिरकाव झाला, कारण रांगेत माझ्यापुढे कुणी नव्हतंच! शिफारसपत्र लिहिणाऱ्या बाई मला खरोखर ओळखत होत्या. पुढे पीएचडीला शुल्क माफ, वर विद्यावेतन. तिथे पहिली पदवी कुठली हे एकदा विचारलं गेलं, संशोधन काय केलं हे दहादा.

*

"पूर्ण" या शब्दावर जाऊ नका. माझ्या पत्रात दरवर्षी ३.५ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) टिकवायची अट होती. एक सत्र आजारपणात गेलं, ३.३८ वर आलो, शिष्यवृत्ती बंद. तिसऱ्या वर्षी कर्ज काढलं, तेही दुसऱ्या विद्यापीठात बदली घ्यायची वेळ निघून गेल्यावर. पुन्हा गुण वाढवले तर परत मिळते का, शुल्क वाढलं तर फरक कोण भरणार, विषय बदलला तर काय, हे आधी लेखी विचारा. आणखी एक : तिकडे शिष्यवृत्तीतला शुल्क-पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, राहण्या-जेवणाचा करपात्र. मला हे विवरणपत्र भरताना कळलं.

*

मी उलटं केलं, मोठं नाव निवडलं, पस्तावलो नाही. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. बड्या सल्लागार कंपन्या ठरावीक आवारांतच मुलाखतींना येतात, हेसुद्धा मला तिथे गेल्यावर समजलं. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२चा अभ्यास नंतर वाचला. तोडीस तोड मुलांच्या पुढच्या कमाईत नामांकित कॉलेजमुळे सरसकट फरक दिसला नाही, पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फायदा दिसला. म्हणजे माझा अनुभव एखाद्या डॉक्टरांच्या मुलीला लागू पडेलच असं नाही.

*

वरच्यांना अनुमोदन, पण कर्जाच्या हप्त्यांचं कुणी बोलत नाहीये. नाव मिळालं. आवडीची कमी पगाराची नोकरीही चालून आली होती, ती हप्त्यांपायी सोडली.

*

मोठ्या विद्यापीठाला नकार कळवण्याआधी आर्थिक मदतीच्या फेरविचाराचा अर्ज करा. आयव्ही लीग या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली आठही विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, मदत फक्त गरज पाहून. त्यामुळे "दुसरीकडे सगळं फुकट मिळतंय" याने तिथे काम होत नाही. आम्ही वडिलांची नोकरी गेल्याचे कागद जोडले, तेव्हा मदत वाढली. सगळं नाही, पण कर्ज निम्म्यावर आलं.

*

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. आज पत्र पुन्हा वाचलं. अट आहेच, तिसऱ्या पानावर, बारीक टायपात : ३.०. एकदा घसरल्यास एका सत्राची मुदत. विषय बदलण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि आमच्या भाचीबाईंनी आत्तापर्यंत चारदा विषय बदललाय. तिने ईमेल केलाय. दुसरीकडे फेरविचाराचा अर्जही आज रात्री जाईल. उत्तरं आली की इथेच कळवते.