‘पाळी’ लिहू की ‘ड्युटी’? आणि बॅलन्सला मराठीत काय म्हणायचं?

म्हापशेकर: भाची नर्सिंग शिकते, तिला प्रबंधासाठी नर्सेसचा वर्क-लाइफ बॅलन्स मोजायचाय, मी प्रश्नावली मराठीत करून देतोय. हेमन यांची २००५ची, १५ विधानं, तीन भाग: नोकरी आयुष्यात किती घुसते, आयुष्य नोकरीत किती घुसतं, आणि दोन्ही एकमेकांना किती बळ देतात. असं किती वेळा वाटलं ते सात पायऱ्यांवर सांगायचं. सुरुवातीच्या माहितीत मी लिहिलं ‘तुमची पाळी नियमित असते का?’, म्हणजे शिफ्ट. मूळ न बघता ते परत इंग्रजीत करणाऱ्या बाईंनी त्याचा मासिक पाळीचा प्रश्न केला! लहानपणापासून रात्रपाळी ऐकतोय, डोक्यातच आलं नाही. आता काय लिहू? आणि मुख्य म्हणजे ‘कार्य-जीवन संतुलन’ सोडून दुसरं काही आहे का?

सिस्टर फोंडा: २२ वर्षं वॉर्डात काढली, ‘पाळी’ कोणी म्हणत नाही. मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट, ऑफ. ‘आज तुझी कुठली ड्युटी गो?’ बस. आणि भाऊ, सलग नाईट लागल्या की ती पाळीसुद्धा बिघडते, आमच्यातल्या कितीतरी जणींचं हेच, मग ‘नाही’वर खूण करणारी कुठल्या पाळीबद्दल सांगतेय ते तुम्हाला कळायचं कसं?

डिचोलीचे गुरुजी: म्हणून चांगला मराठी शब्द टाकून द्यायचा? ‘कामाची पाळी’ लिहा, संशय मिटला. वेळ पाळायची ती पाळी, ‘पाळणे’वरून आलाय.

काणकोणकर: गुरुजी, पाळणेवरून नाही हो. संस्कृत ‘पालि’, म्हणजे कड, रांग. कानाची पाळी त्यातलीच. रांगेत आपला नंबर आला की आपली पाळी. आणि समतोल काय, संतुलन काय, दोन्ही तुलेवरूनच, एक शुद्ध नि एक गावठी असं काही नाही.

सिस्टर फोंडा: मला तो तराजूच पटत नाही. नाईट संपते आठला, हँडओव्हर देता देता नऊ, कदंबाची बस पकडून घरी पोचले की आधी सासूबाईंचं इन्सुलिन, मग पेजेचं आधण. हे कुठल्या पारड्यात टाकू? असाच एक फॉर्म मी भरलाय, ‘कामासाठी वैयक्तिक आयुष्य बाजूला ठेवावं लागतं’ असं काहीतरी होतं, मी ‘कधीच नाही’ लिहिलं. वैयक्तिक म्हणजे माझं एकटीचं असं वाटलं, आणि तसं बाजूला ठेवायला काही होतंच कुठे.

म्हापशेकर: ताई, म्हणजे मोजताना तुमचा समतोल उत्तम निघाला असणार! ‘वैयक्तिक आयुष्य’ काढून ‘घर आणि स्वतःचा वेळ’ लिहू का?

सिस्टर फोंडा: दोन वेगळे प्रश्न करा. घर वेगळं, माझा वेळ वेगळा.

काणकोणकर: पण मग १५ची १६ होतील, मूळ मापाशी तुलना कशी करणार?

पेडण्याची सून: तारांबळ मोजा सरळ. ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ सुरू झालं की मांडवात जी धावपळ उडते त्यावरून तो शब्द आला म्हणतात, आमची ती रोजची.

डिचोलीचे गुरुजी: प्रबंधात तारांबळ नको, ‘घर-नोकरीचा मेळ’ म्हणा. आणि पालि मला मान्य नाही. आमच्या देवळात पूजेची पाळी ज्याच्याकडे येते त्याला सोवळं पाळावं लागतं, शब्द तिथलाच.

काणकोणकर: मग कानाची पाळी काय पाळते, गुरुजी?