भीतीच्या राज्यात खरं मत मोजता येतं का?

कृष्णाकाठ, सांगली
हुकूमशाहीतल्या मतचाचणीचा आकडा हातात धरण्याच्या लायकीचा नसतो, असं सरसकट बोललं जातं. मला ते मान्य नाही. लोक घाबरून खोटं बोलतात, पण किती जण, हे मोजता येतं. 2015च्या सुरुवातीला फ्राय, गेलबाख, मार्क्वार्ट आणि रॉयटर या संशोधकांनी रशियात लेवादा सेंटर या मतचाचणी संस्थेच्या सर्वेक्षणातून ते केलं. निम्म्या लोकांपुढे झिरिनोव्स्की, झ्युगानोव्ह, मिरोनोव्ह ही तीन रशियन पुढाऱ्यांची नावं ठेवली. उरलेल्यांपुढे हीच तीन आणि पुतिन. प्रश्न असा: "नावं सांगू नका, यांतल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे तेवढं सांगा." दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा. थेट विचारल्यावर तो 86 टक्क्यांच्या आसपास होता, यादीतून 80च्या आसपास आला. म्हणजे पाठिंबा बव्हंशी खरा होता, आपल्याला आवडो न आवडो.

माणदेशी, आटपाडी
"बव्हंशी खरा" हे घाईचं झालं. गणित करून बघा. 1600 जणांना थेट विचारलं तर आकडा दोनेक टक्के इकडेतिकडे. यादीत लोक 800-800 असे वाटले जातात, वर बाकीच्या तीन नावांचा चढउतारही त्यात मिसळतो. चूक आठ-नऊ टक्क्यांवर जाते. तुमचा सहा टक्क्यांचा फरक त्यातच बुडाला. थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी तर नमुना वीसेक पट लागेल. तेवढे पैसे कोण देतो?

कराडकर
माणदेशी, चूक कमी करता येते. दोन याद्या करायच्या. पहिल्या गटाला नाजूक नाव (इथे पुतिन) एका यादीत, दुसऱ्याला दुसऱ्या यादीत. मग प्रत्येक माणूस दोनदा कामी येतो. रशियातही जुन्या नेत्यांची दुसरी यादी होती: स्टालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन.
खरी गोची यादीतल्या साध्या गोष्टी निवडण्यात आहे. समजा जत तालुक्यात तक्रारींची यादी केली: पाणी कमी, वीज रात्री येते, खतं महाग, आणि चौथी "सत्ताधाऱ्यांचा धाक वाटतो". पहिल्या तीन जवळजवळ सगळेच मोजणार. मग "चार" म्हणणारा उघडा पडतो, म्हणून तो "तीन"वर थांबतो. म्हणून एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: "महापुरात शेत बुडालं" आणि "उन्हाळ्यात विहीर आटली". दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच येतात. शंभरेक जणांवर आधी तपासून घ्या. साध्या यादीला शून्य किंवा तीन म्हणणारे फार निघाले तर यादी बदला.

माणदेशी, आटपाडी
यादी कितीही घोटीव करा, विचारणारा कोणाचा माणूस वाटतो यावरच उत्तर ठरतं. निकाराग्वात 1990च्या निवडणुकीआधी बऱ्याच चाचण्यांत सत्तेवरचे ओर्तेगा पुढे होते. निवडून आल्या विरोधकांच्या व्हिओलेता चामोरो, सुमारे 55 विरुद्ध 41 टक्क्यांनी. तिथे एका प्रयोगात प्रश्नकर्त्यांच्या हातातलं पेन बदललं होतं: सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराचं, विरोधकांच्या प्रचाराचं, साधं. चामोरो फक्त विरोधकांच्या पेनापुढे आघाडीवर होत्या. साधं पेनसुद्धा लोकांना सरकारी वाटलं! तुमच्या यादीचा कागदही त्यांना तसाच वाटणार.

कृष्णाकाठ, सांगली
पेनाचा मुद्दा मान्य. 2015च्या आकड्याबद्दल माझा सूरही जास्त चढला. पण मोजायचंच नाही म्हणाल तर उरतो अंदाज, आणि तो कसा फसतो ते आपल्या दारातच दिसलं. आणीबाणीत 21 महिने साताऱ्यात आणि रायबरेलीत तोंडं सारखीच बंद होती. मार्च 1977 मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसला 85 पैकी एकही जागा मिळाली नाही, इंदिरा गांधी स्वतः हरल्या. साताऱ्यातून काँग्रेसचेच यशवंतराव चव्हाण निवडून आले. नुसत्या शांततेवरून हा फरक कोणी ओळखला असता?

कराडकर
दोघांनाही एक विनंती. आकड्याशेजारी नकारांची नोंद हवी: किती दारं ठोठावली, किती जणांनी बोलायलाच नकार दिला, मुलाखतीला शेजारी कोण उभं होतं. दहातल्या सात जणांनी दार लावून घेतलं असेल तर उरलेल्या तिघांच्या 80 टक्क्यांवर भांडण्यात अर्थ नाही.