अमावास्येच्या रात्री कॅमेऱ्याला दिसले, मला का दिसले नाही?

धुऱ्यावरून (चंद्रपूर जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे वावर ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून आहे आणि हरभऱ्याने घाटे धरले की रानडुकरे व रोही (नीलगायी) यांच्यामुळे रोज जागलीला जावे लागते. मागच्या अमावास्येला धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) पायवाटेवर वन विभागाने लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघीण टिपली गेली. फोटोत तिचे पट्टे स्पष्ट मोजता येतात, परंतु त्या रात्री मी तेथून शंभरेक पावलांवर मचाणावर जागा होतो आणि मला कोणताही झगमगाट दिसला नाही. मग तो फोटो कोणत्या उजेडात निघाला? तालुक्याच्या गावी एक दुकानदार नाइट व्हिजनची दुर्बीण घ्या म्हणतो. तिच्यातून झुडपामागे बसलेले जनावर दिसेल का, हे पैसे देण्यापूर्वी मला समजून घ्यायचे आहे.

एक विज्ञान शिक्षक

भाऊ, उजेड होता, पण तो आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्या रंगाच्या बाहेर तापमापक ठेवला, तेव्हा तेथेही पारा चढला आणि अवरक्त किरणांचा शोध लागला. कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या सेन्सरला सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंतचे किरण जाणवतात, म्हणून अशा कॅमेऱ्यांत ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे एलईडी बसवलेले असतात. पहिल्या प्रकारचे दिवे समोरून पाहिल्यास मंद लाल ठिपक्यांसारखे दिसतात, दुसऱ्या प्रकारचे मुळीच दिसत नाहीत. टीव्हीचा रिमोटही असेच किरण सोडतो; घरी तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, म्हणजे त्याचा दिवा पडद्यावर दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसले नाही, तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा.

दुकानातील स्वस्त दुर्बिणी बहुधा याच जातीच्या असतात. त्यांचा दिवा पोहोचेल तेवढेच दिसते आणि झुडपाच्या पानांवरूनच किरण परत येत असल्याने मागचे जनावर झाकलेलेच राहते.

थर्मल ड्रोन हाताळणारा

शिक्षकांनी सांगितले त्याखेरीज आणखी दोन तंत्रे आहेत आणि तिन्हींना सरसकट नाइट व्हिजन म्हटल्यामुळे घेणाऱ्याची फसगत होते. सैन्यात वापरतात त्या प्रकाशवर्धक नळीत चांदण्यांचा जेमतेम उजेड एका संवेदनशील पडद्यावर पडून इलेक्ट्रॉन सुटतात, लाखो सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि पुढच्या पडद्यावर ते आदळले की हिरवे चित्र उमटते. किंचित तरी उजेड असल्याशिवाय तिच्याने काही होत नाही.

थर्मल कॅमेऱ्याला मात्र उजेड लागतच नाही, कारण जनावराचे अंगच किरण सोडत असते. शरीराच्या तापमानाला हे किरण ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतात. ते साध्या काचेतून पार होत नाहीत, त्यामुळे भिंगे जर्मेनियमची करावी लागतात, आणि किंमत वाढण्याचे ते एक कारण आहे. झुडपाच्या फटींतून अंगाचा थोडा भाग जरी उघडा असला, तरी तो थंड पानांमध्ये उठून दिसतो. दाट पानोळ्यातून मात्र थर्मलही आरपार पाहू शकत नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात तापलेले दगड व माती रात्री उशिरापर्यंत गरम राहतात आणि जनावर त्यांत मिसळून जाते. हरभऱ्याच्या थंडीत हेच यंत्र उत्तम चालते.

जागल करणारी शेतकरी

दादा, एक गोष्ट जीवाशी निगडित आहे म्हणून लिहिते. बॅटरीच्या झोतात वाघाचे, रोह्याचे, कुत्र्याचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. त्यामुळे डोळे चमकले नाहीत म्हणजे वावर रिकामे आहे, असे समजून मचाणावरून उतरू नये.

धुऱ्यावरून

रिमोटचा प्रयोग करून पाहिला. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका स्पष्ट दिसला. दुर्बीण घेण्याचा विचार सोडला आहे. गावातील आठ-दहा जणांनी मिळून एक थर्मल यंत्र घ्यावे, असे आता ग्रामसभेत मांडणार आहे. डुकराच्या डोळ्यांविषयी मला माहीत नव्हते, ताई. मी आजवर तसाच उतरत होतो.